खंडेनवमीचा दोरा

पुण्याला समुद्र नाही, तरी समुद्राचा अभ्यास करणारी माणसं पुण्यात आहेत. मुंबईचे पाहुणे हे ऐकून हसतात. हसू द्या. त्यांना समुद्र आहे आणि त्याचं त्यांनी काय करून ठेवलंय ते आपण बघतोच. मी अशाच एका संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर म्हणून बत्तीस वर्षं काढली, त्यातली बावीस वैजनाथबरोबर. संशोधन मोहीम म्हटलं की लोकांना वाटतं, जहाजभर शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून उभे असतील. प्रत्यक्षात जहाजावर चाळीसएक माणसं असतात आणि शास्त्रज्ञ त्यात चार-पाच. बाकीचे इंजिन सांभाळतात, भाताचे डेग चढवतात, गंज खरवडतात, दोर ओढतात. वैजनाथ दोर ओढणाऱ्यांतला.

तो खडकीचा. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे बालपण क्वार्टरमध्ये आणि भोंग्याच्या वेळांवर गेलं. दारू भरणाऱ्या माणसाच्या घरात घाई चालत नाही. पोराने वडिलांचा तो स्वभाव जसाच्या तसा उचलला. आयटीआयमधून फिटर होऊन आमच्याकडे लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवला आणि मला न विचारता खुर्चीही उलटी करून घट्ट केली.

"खुर्ची ठीक होती," मी म्हणालो.

"ठीक होती, पण बरोबर नव्हती," तो म्हणाला आणि पाना खिशात घालून निघून गेला. मला त्याचा राग आला होता. खुर्ची मात्र अजून हललेली नाही.

बावीस वर्षं समुद्रावर जाऊन त्याला पोहता येत नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बुडायचंच असतं तर पुण्यात राहिलो असतो, दर पावसाळ्यात सोय आहे." जहाज गोव्याहून सुटलं की पहिले तीन दिवस मी बादली उशाशी घेऊन आडवा. वैजनाथ समोरच्या बंकवर मांडी घालून बायकोने, चंपावहिनींनी, दिलेल्या दशम्या शेंगदाण्याच्या चटणीशी खात बसायचा आणि वर मला आग्रह करायचा, "श्यामराव, चतकोर घ्या, बरं वाटेल." अशा वेळी माझ्या मनात त्याच्याविषयी जे यायचं ते लिहिण्यासारखं नाही. सगळं जहाज त्याला मामा म्हणायचं. कप्तानसुद्धा.

चैताली त्याची लाडकी. ती आमच्याकडे पीएच.डी. करत होती. वाघोलीची पोर. वडिलांची, हिंदुरावांची, पूर्वी तिथे शेती होती. आता त्या शेतात अकरा मजल्यांची सोसायटी उभी आहे आणि तिच्या फाटकासमोर हिंदुरावांचं घर. घराण्यात कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. लेक शिकते म्हणून त्यांना अभिमान होता आणि लेकीचं वय वाढतंय म्हणून झोप नव्हती. शेवटी त्यांनी तिला मोजून पाच वर्षं दिली. पाच वर्षांत डॉक्टर हो, नाहीतर आम्ही सांगू तिथे लग्न कर. चैतालीने ते कबूल केलं, कारण तिचा हिशेब पक्का होता. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला तिचं मूरिंग समुद्रात उतरेल, वर्षभर तळाशी राहील, पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला वर येईल, उरलेल्या वर्षात प्रबंध लिहून होईल.

मूरिंग म्हणजे काय ते सांगतो. तळाशी वजन म्हणून रेल्वेची भंगारातली चाकं. चाकांवर एक कुलूप. कुलपाच्या वर तीन किलोमीटर दोर, दोराला जागोजागी पाण्याचा प्रवाह मोजणारी यंत्रं, आणि हे सगळं ताठ उभं राहावं म्हणून दोराला पिवळ्या टोप्यांतले काचेचे पोकळ गोळे. वर्षभराने जहाज त्याच जागी येतं, पाण्यात एक आवाज सोडतं. कुलूप तो आवाज ओळखतं, "ऐकलं" म्हणून उलट आवाज देतं आणि हूक उघडतं. चाकं तळाशी राहतात, बाकी सगळं गोळ्यांच्या जोरावर वर येतं. कुलपाचं इलेक्ट्रॉनिक्स माझं आणि लोखंड वैजनाथचं. वर्षभराच्या नोंदी त्या यंत्रांच्या पोटातच असतात. वर आल्या तर आल्या.

ज्या दिवशी ते उतरवायचं होतं त्याच दिवशी खंडेनवमी आली. खडकीच्या कारखान्यात ह्या दिवशी लेथ मशीनपासून हातोडीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, आणि वैजनाथने वडिलांचा तो रिवाज जहाजावर आणला होता. सकाळी आठला त्याने डेकवर पाने, पकडी, साखळ्या ओळीने मांडल्या. मंडईतून आणलेला झेंडू सहा दिवसांत काळा पडला होता, तरी वाहिला. प्रत्येक अवजाराला लाल दोरा बांधला. रव्याच्या लाडवाचा नैवेद्य झाला. आमच्या मोहिमेच्या प्रमुख डॉ. सुरुची, शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. त्याही चपला काढून नमस्कार करून गेल्या. मी देवधर्माला हसणारा माणूस, पण लाडू दोन खाल्ले.

चैताली म्हणाली, "मामा, माझ्या कुलपाला पण बांधा ना. वर्षभर एकटं राहणार आहे खाली."

त्याने दोरा घेतला, तर तीच पुन्हा म्हणाली, "सुती आहे हा. आठ दिवसांत कुजून जाईल. टिकेल असं काहीतरी बांधा."

वैजनाथला टिकाऊ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. त्याने केबलला गुंडाळायचा नायलॉनचा दोरा आणला, सहा पदरी केला, हळदीत घोळला आणि कुलपाच्या चौकटीच्या उभ्या दांडीला, वरच्या टोकाशी बांधला. बांधला म्हणजे त्याच्या पद्धतीने बांधला; हत्तीला सुटला नसता. चैतालीने हात जोडले. मी म्हणालो, "आता विज्ञानाची काळजी मिटली." सगळे हसले.

उतरवण्यापूर्वी एकतीस कलमांची यादी असते. वैजनाथ एकेक कलम हात लावून तपासतो, चैताली वाचते, मी सही करतो. हलवाहलवीत हूक उघडू नये म्हणून त्याला एक जाड दोरी गुंडाळलेली असते. ती वैजनाथने काढली, सगळ्यांना दाखवली, खिशात घातली. शेवटचं कलम होतं, 'यंत्रावर यादीबाहेरचे काहीही बांधलेले नाही.' चैतालीने ते वाचलं आणि थांबली. मी म्हणालो, "देवाचा दोरा आहे, त्याला यादीत कुठे घालता," आणि सही ठोकली.

मग क्रेनने कुलूप उचललं. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. चाकं आणि कुलूप हवेत दोन-तीनदा गरगरा फिरली, एकदा जहाजाच्या कठड्यावर आपटली. वैजनाथ आत, दोर सोडणाऱ्या-ओढणाऱ्या विंचजवळ होता, चैताली कागदांत. काठावर मी उभा होतो. पाण्यात शिरता शिरता मला तो पिवळा दोरा दिसला. दांडीवरून घसरून तो हूकवर आला होता आणि दाताला वळसा घालून बसला होता.

मी पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं. हात वर केला असता तर विंच थांबला असता. पण थांबवायचं म्हणजे सगळं परत वर घ्यायचं, अर्धा तास मोडायचा, डॉ. सुरुचींचं ऐकून घ्यायचं, आणि कशासाठी, तर पूजेच्या दोऱ्यासाठी. सहीही नुकतीच केलेली. वाटलं, दोरा तो, काय करणार आहे. तोवर ते पाण्याखाली गेलं होतं.

वर्षभर मी त्याचा विचार केला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. तीन-चारदा केला. प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं की सुटला असेल.

पुढच्या वर्षी त्याच जागी पोचलो तेव्हा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट होता. चैताली पहाटेपासून कठड्याशी. पिवळे गोळे ज्याला आधी दिसतील त्याला डॉ. सुरुची चॉकलेट देतात, म्हणून स्वयंपाकघरातले लोकही बाहेर आले होते. मी आवाज सोडला. कुलपाने लगेच उत्तर दिलं. अंतर तीन हजार एकशे चाळीस मीटर. उघडायचा आवाज सोडला. उत्तर आलं: उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन मिनिटांनी अंतर विचारलं. तीन हजार एकशे चाळीस. पाच मिनिटांनी पुन्हा. तीन हजार एकशे चाळीस. तासाभरात मी चाळीस वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी ते इमानदारीने उत्तर देत होतं, मी इथे आहे, मी उघडलंय. आणि जागचं हलत नव्हतं. स्वयंपाकघरातले लोक एकेक करून आत गेले. वैजनाथ माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

दुसऱ्या दिवशी गळ टाकला. चार किलोमीटर दोराला लोखंडी आकडे लावून जहाज त्या जागेभोवती गोल फिरवायचं आणि खालचा दोर अडकतो का बघायचं. काळोख्या विहिरीतून हरवलेली बादली काढण्याचाच प्रकार, फक्त विहीर तीन किलोमीटरची. वैजनाथ सोळा तास विंचजवळून हलला नाही. चैतालीने त्याला चहा नेऊन दिला तर त्याने तिच्याकडे बघितलं नाही. गळ तीनदा वर आला, तिन्ही वेळा रिकामा. मग कप्तानाने सांगितलं, मोजमापाची पुढची ठाणी आहेत, तेल आहे, वेळ आहे, निघावं लागेल. डॉ. सुरुचींनी मान हलवली. जहाज निघालं. निघताना मी शेवटचा आवाज सोडला, का कोण जाणे. उत्तर आलं. चैताली तेव्हा माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, "सर, प्लीज, आता नका विचारू त्याला."

त्या दुपारी जेवण झाल्यावर वैजनाथ केबिनमध्ये आला आणि दार लावून बंकवर बसला.

"श्यामराव, माझा दोरा."

"काहीतरीच. गंज धरला असेल, चिखलात रुतलं असेल. हजार कारणं असतात."

"हूक मी बसवलाय. गंज धरत नाही तो. सहा पदरी नायलॉन होता, दीड-दोनशे किलो सहज पेलतो. हूक मिटून धरायला तेवढं पुरे." त्याने दोन्ही हात पुढे धरून बघितले. "मी दांडीला बांधला होता. पण हेलकाव्यात सरकला असेल तर? तुम्ही काठावर होतात. तुम्हाला दिसला का?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

का म्हणालो? माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. यादीवर सही माझी होती. आणि खरं सांगायचं तर ह्या दोन्हींपेक्षा साधं कारण म्हणजे मला भीती वाटली, की हा माणूस आता माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. तो मात्र मान हलवून "नसेल, नसेल" म्हणाला. माझ्या शब्दावर त्याने वीस वर्षांत कधी शंका घेतली नव्हती.

लपवणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याच संध्याकाळी तो डॉ. सुरुचींकडे गेला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वैजनाथ, हा तुमचा अंदाज आहे. अंदाज अहवालात जात नाही. कुणी पाहिलंय का?" तो म्हणाला, "श्यामरावांचंही लक्ष नव्हतं." मग त्यांनी अहवालात लिहिलं, 'कारण समजू शकले नाही.' बाई वाईट नव्हत्या. उलट, हा माणूस नाहक अडकू नये असंच त्यांना वाटलं असावं. पण वैजनाथची झोप गेली. चूक कबूल करून टाकायची त्याने ठरवली होती आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पुण्याला परतल्यावर एक वाट निघाली. नवं मूरिंग पुढच्या मोहिमेत उतरवायचं, चैतालीला दोन वर्षं वाढवून द्यायची, अशी डॉ. सुरुचींनी वरून मंजुरी आणली. राहिले हिंदुराव. त्यांना वाटत होतं, पोरीला जमलं नाही आणि ती आता समुद्राचं नाव पुढे करतेय. त्यांनी चिंचवडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. चैताली घरी बोलून बोलून थकली. एक दिवस ती वर्कशॉपमध्ये येऊन बसली आणि वैजनाथला म्हणाली, "मामा, आबांना वाटतं मी फेल झाले. मी काहीही सांगितलं तरी त्यांना एक्स्क्यूज वाटतं."

वैजनाथ सरळ माझ्या टेबलाशी आला. "श्यामराव, रविवारी वाघोलीला जायचं. चूक पोरीची नाही, माझी आहे, हे मी त्यांना सांगतो. पण मी फिटर. तुम्ही साहेब माणूस, तुम्ही नुसतं 'हो' म्हणा. तेवढ्यावर पोरीची दोन वर्षं सुटतील."

मी गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. जाताना मनाशी ठरवलं होतं की सांगून टाकायचं, पाहिलं होतं म्हणून. नगर रोडच्या गर्दीत तास-दीड तास बस रखडली आणि तेवढ्या वेळात मी ते वाक्य पाच-पंचवीस वेळा मनात म्हटलं.

हिंदुरावांनी आदराने बसवलं. पांढरा सदरा, करड्या मिशा, आवाज मोठा पण बोलणं मऊ. चैताली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. वैजनाथने पाण्याचा घोटही न घेता सुरुवात केली. खंडेनवमी सांगितली, दोरा सांगितला, नायलॉन का घेतला ते सांगितलं. त्यात चैतालीने काय म्हटलं होतं ते मात्र गाळलं. शेवटी हात जोडले. "आबा, चूक माझी. पोरीचं काम चोख होतं. तिला दोन वर्षं द्या."

हिंदुरावांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मामा, तुमी लई भला माणूस हाय. पोरगी तुमचं नाव घेती ते उगा न्हाई. पण पूजेच्या दोऱ्यानं कुटं लोखंड अडतंय व्हय? तिला वाचवाया तुमी सोताच्या अंगावर घ्याया लागलाय, एवढं कळतंय मला."

"नाही हो आबा, खरंच..."

"थांबा." ते माझ्याकडे वळले. "सायेब, तुमी शिकल्याला माणूस. तुमी हुता न्हवं तितं? तुमी सांगा. असं झालं का? तुमी हो म्हना, मी आत्ता चिंचवडला फोन करून न्हाई म्हनून कळिवतो."

वैजनाथने माझ्याकडे बघितलं. चैतालीने बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी हो म्हणणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर दोरा आला, हूक आला, आणि त्यांच्यामागोमाग यादीवरची माझी सही आली. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणारच होता, की तुम्हाला कसं ठाऊक, आणि पाहिलं होतं तर वर्षभर कुठे होता. तो प्रश्न वैजनाथच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

"अहवालात असं आहे," मी म्हणालो, "की कारण समजू शकलेलं नाही."

माझा आवाज मला कचेरीतल्या आवाजासारखा वाटला.

"मंजी कुनालाच ठावं न्हाई," हिंदुराव म्हणाले. ते रागावले नाहीत, दमल्यासारखे दिसले. "मग फुडल्या खेपंला तरी वर येईल, हे कशावरनं? पाच वर्सं म्हनलो हुतो, ती सरत आली. आता बास. वैशाखात उरकून टाकू."

चैताली दारातून हलली नाही. रडली नाही, वडिलांशी वाद घातला नाही. ती मला म्हणाली, "सर, तुम्हाला चहात साखर कमी लागते ना?" आणि आत गेली. तो चहा मी प्यायलो.

वाघोलीच्या थांब्यावर उन्हात आम्ही वीस मिनिटं उभे होतो. मला वाटत होतं, त्याने काहीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात. तो खांबाला टेकून रस्त्याकडे बघत होता.

शेवटी म्हणाला, "चूक झाली माझी, श्यामराव."

"अरे, दोरा तू प्रेमाने बांधलास, त्यात तुझी—"

"दोऱ्याचं नाही म्हणत. तुम्हाला बरोबर आणलं, ते."

त्याला कळलं होतं की नाही, कधी कळलं, हे मी विचारलं नाही. तेवढ्यात बस आली. गर्दी होती. त्याने आधी चढून मला खिडकीची जागा धरली आणि स्वतः खडकीपर्यंत उभा राहिला.